वाचनालयाच्या संकेतस्थळावरील मराठी मजकूर स्क्रीन रीडरला नीट वाचता यावा यासाठी काय करावे?

प्रश्न: वाचनालय_कार्यवाह

नमस्कार. आमचे वाचनालय तालुक्याच्या गावचे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेले आणि 'ब' वर्गातले आहे. संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. त्यावर सूचना, वेळा, वर्गणीचे दर, नव्या पुस्तकांच्या याद्या, सभासदांचे लेख आणि आमच्या वार्षिकाचे जुने अंक असा ऐवज आहे. एका दृष्टिहीन सभासदाने नुकतेच कळवले की यातील बराचसा भाग त्यांच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचताच येत नाही आणि जो वाचता येतो त्यातून हवे ते शोधण्यात फार वेळ जातो. त्यांच्या पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच त्याला नुसते आश्वासनाचे उत्तर पाठवणे मला बरे वाटत नाही.

आमच्याकडे प्रोग्रॅमर नाही. संकेतस्थळ बांधून देणारे गृहस्थ म्हणतात की वार्षिक शुल्क भरून एक विजेट बसवले की पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह येईल, अक्षरे लहानमोठी करता येतील, मजकूर मोठ्याने वाचून दाखवला जाईल आणि प्रश्न मिटेल. कार्यकारिणीतील काहींना हा मार्ग सोयीचा वाटतो. मला शंका आहे, परंतु ती मांडायला आधार नाही.

संकेतस्थळाचा सांगाडा आमच्या हातात नसला तरी मजकूर आम्हीच लिहितो आणि आम्हीच चढवतो. त्या मजकुरात काय बदलावे, जुन्या अंकांचे काय करावे आणि विजेटवर पैसे घालावेत का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. सूचना बहुधा सजवलेल्या चित्राच्या रूपात येतात आणि आम्ही त्या तशाच चढवतो, हेही सांगून ठेवतो.


उत्तर: ध्वनिवाचक

आधी विजेटविषयी, कारण ते थोडक्यात सांगता येते. मी जन्मांध आहे आणि दिवसभर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर काम करतो. वाचणारा आवाज माझ्या संगणकात आधीपासूनच आहे, तो माझ्या सवयीच्या वेगाला लावलेला आहे, आणि तुमच्या पानावरून दुसरा आवाज बोलू लागला तर दोन्ही एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. शिवाय विजेटला मजकूर जसा मिळेल तसाच तो वाचणार. सूचना चित्रात असेल तर त्याच्या दृष्टीनेही ते चित्रच आहे.

आता मजकुराकडे वळतो. डोळस वाचक पानावर एक नजर टाकतो आणि कोठे थांबायचे ते ठरवतो. आम्हाला नजर टाकता येत नाही आणि पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसण्याइतका वेळही कोणाकडे नसतो, म्हणून आम्ही उड्या मारत वाचतो. एनव्हीडीएमध्ये 'एच' ही कळ दाबली की पुढचे शीर्षक येते, 'के' दाबली की पुढचा दुवा, 'टी' दाबली की पुढचा तक्ता. इन्सर्ट आणि एफ-७ या कळा एकत्र दाबल्या की पानावरील सर्व दुव्यांची किंवा शीर्षकांची यादी उघडते. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठातील वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी सर्वेक्षणे करते; लांबलचक पानावर माहिती शोधताना आपण आधी शीर्षकांवरून फिरतो, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्यांत सुमारे दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक येत आले आहे.

तुमच्या पानावर 'नवीन पुस्तके', 'सूचना', 'वर्गणी' हे शब्द ठळक आणि मोठे दिसत असतील, परंतु ते नुसते ठळक केलेले परिच्छेद असतील तर 'एच' दाबल्यावर मला पुढे शीर्षक नाही एवढेच ऐकू येते. वर्डप्रेसमध्ये लिहिताना त्या ओळीचा प्रकार 'परिच्छेद' न ठेवता 'शीर्षक' असा निवडायचा, एवढेच काम आहे. पानाचे नाव पहिल्या पातळीचे, त्याखालचे विभाग दुसऱ्या पातळीचे आणि विभागातील पोटविभाग तिसऱ्या पातळीचे असावेत. अक्षराचा आकार आवडला म्हणून एकदम चौथी पातळी निवडू नये, कारण आमच्यासाठी पातळी म्हणजे आकार नव्हे, कशाखाली काय येते ते सांगणारी खूण आहे.

दुव्यांचेही तसेच. सर्व दुव्यांची यादी उघडल्यावर 'पुढे वाचा, पुढे वाचा, पुढे वाचा, येथे क्लिक करा, डाउनलोड' असे ऐकू आले तर त्या यादीचा उपयोग शून्य. लेखाचे शीर्षक हाच दुवा करा आणि खालचे 'पुढे वाचा' काढून टाका. दुव्याखाली फाइल असेल तर ते दुव्यातच लिहा: 'वार्षिक २०१९, पीडीएफ, १४ एमबी'. फोनवर मोजका डेटा असलेला डोळस सभासदसुद्धा त्याबद्दल आभारच मानेल.

सूचना कशा लिहाव्यात यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी संकेतस्थळांवर आमची खरी दमछाक तिथे होते. अशी सूचना तुम्ही पाहिली असेल:

'जा ही र  सू च ना ः  दि. ५/६/२५ पासून सायं. ५-८ वा. ग्रंथदेवघेव. अनामत रु. ५००/-'

अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून ताणलेले शीर्षक मला शब्द म्हणून ऐकू येत नाही. 'जा', 'ही', 'र' अशी सुटी अक्षरे कानावर पडतात आणि त्यातून शब्द जुळवायला मागे जावे लागते. त्यानंतर एकट्याच उभ्या असलेल्या विसर्गाला आवाज अडखळतो. '५/६/२५' म्हणजे पाच जून, सहा मे की एखादा अपूर्णांक, हे यंत्राला ठाऊक नसते. '५-८' मधील आडवी रेघ माझ्या मांडणीत बोलली जात नाही, त्यामुळे 'पाच आठ' एवढेच ऐकू येते; ज्याने विरामचिन्हे बोलण्याची पातळी वाढवून ठेवली आहे त्याला ती रेघ ऐकू येईल, पण तिचा अर्थ 'ते' आहे हे त्याला स्वतःच ताडावे लागेल. 'रु. ५००/-' मध्ये 'रु' नंतर पूर्णविराम समजून थांबणे, मग पाचशे, मग 'स्लॅश'. हीच सूचना अशी लिहिली तर काहीच अडत नाही:

'जाहीर सूचना: ५ जून २०२५ पासून ग्रंथांची देवघेव सायंकाळी ५ ते ८ या वेळेत होईल. अनामत रक्कम ५०० रुपये आहे.'

सगळीच संक्षिप्त रूपे टाळावीत असे मी म्हणत नाही. 'डॉ.', 'श्री.' यांची कानाला सवय झालेली असते. मात्र 'ग्रं. क्र.', 'दा. अं.', 'सा. स.' अशी कार्यालयीन रूपे पहिल्यांदा तरी पूर्ण लिहावीत, कारण वहीत रकाना अरुंद होता म्हणून ती जन्मली आणि संकेतस्थळावर रकाना अरुंद नाही.

चित्राच्या रूपातील सूचनेसाठी उपाय एकच: तीच सूचना खाली मजकूर म्हणून लिहावी. चित्र शोभेला राहू द्यावे.


उत्तर: मुद्रितशोधक

वार्षिकाच्या जुन्या अंकांबद्दल लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मराठीची जुळणी श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा टंकांत होत असे. या टंकांमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवलेला असतो. कृतिदेवात जुळवलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे असतो. टंकामुळे डोळ्यांना तेवढे 'मराठी' दिसते. स्क्रीन रीडर टंकाकडे पाहत नाही, खाली साठवलेली अक्षरे वाचतो, म्हणून असा लेख कितीही सुबक जुळवलेला असला तरी ऐकणाऱ्यापर्यंत पोचते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास.

तुमच्याकडील कोणता मजकूर या जातीचा आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये डकवा. तो मराठीच राहिला तर युनिकोड आहे, रोमन अक्षरांचा खच पडला तर जुना टंक आहे, आणि परिच्छेद मुळात उचलताच आला नाही तर ते छायाचित्र आहे.

जुन्या टंकातून युनिकोडात नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण प्रत्येक टंकाची आकारांची मांडणी वेगळी असल्यामुळे त्या त्या टंकाचाच परिवर्तक लागतो. त्यातून निघालेला मजकूर तपासल्याशिवाय चढवू नये. कृतिदेवात 'किती' हा शब्द डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने टंकला जातो: आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडात क आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट आहे. 'सर्वांना' या शब्दात रफार हा व आणि काना यांच्या नंतर टंकलेला असतो आणि परिवर्तनात तो उचलून व च्या आधी न्यावा लागतो. परिवर्तकांचे घोळ बहुतेक या दोन जागी होतात, म्हणून मुद्रित तपासताना नजर आधी वेलांट्या आणि रफार यांच्यावर ठेवावी. छापील अंकच हाती असेल तर ओसीआरचा, म्हणजे छायाचित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्याचा, मार्ग आहे. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते, तरी जुन्या पिवळ्या कागदावरचे अनुस्वार आणि जोडाक्षरे ते चुकवतेच.

पीडीएफविषयी एक गैरसमज आहे. अंक युनिकोडात जुळवला होता म्हणजे त्याची पीडीएफ वाचता येईलच, असे नाही. पीडीएफ बनवताना अक्षरांऐवजी आकारांचा क्रम साठवला गेला तर जोडाक्षरे तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. म्हणून मूळ फाइल हाती असेल तर लेख सरळ पानावर मजकूर म्हणून द्यावा आणि पीडीएफ हवी तर सोबत ठेवावी.

सगळे अंक एकदम करायला घेतले तर काम कधीच पुरे होणार नाही, हे अनुभवाने सांगतो. आधी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका तेवढी युनिकोडात टंकून त्या अंकाच्या पानावर द्या. कोणत्या अंकात काय आहे हे कळले की वाचक नेमका लेख मागू शकतो, आणि मागणी येईल तसे लेख तपासून चढवता येतात.

वर ध्वनिवाचक यांनी विसर्गाचा उल्लेख केला आहे, त्यात भर घालतो. मराठी वृत्तपत्रांत आणि पत्रकांत अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकण्याची सवय फार जुनी आहे. कागदावर दोन्ही ठिकाणी दोन टिंबेच दिसतात, त्यामुळे कोणाचे बिघडत नव्हते. संगणकाच्या लेखी मात्र विसर्ग हे आधीच्या अक्षराला लागणारे चिन्ह आहे, आणि त्याच्याआधी मोकळी जागा सोडली की त्याला लागायला अक्षरच उरत नाही. अपूर्णविराम हवा असेल तिथे अपूर्णविरामच टंकावा. तसेच 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा ऱ दोन रीतींनी साठवता येतो: एक, मराठीसाठी असलेल्या स्वतंत्र अक्षराने, दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. दिसायला फरक नाही, परंतु शोधताना ते दोन वेगळे शब्द ठरतात. पहिली रीत पाळावी आणि सर्व लेखनिकांना तीच सांगावी.


वाचनालय_कार्यवाह

आपण दोघांनी इतके नेमकेपणाने लिहिले याबद्दल आभार. नोटपॅडची कसोटी लगेच लावून पाहिली. २०११ पर्यंतचे अंक जुन्या टंकातले निघाले, त्यानंतरचे युनिकोडात आहेत.

काही शंका उरतात. आमचा वेळांचा तक्ता आहे. त्यात वार, सकाळ, सायंकाळ असे रकाने असून सोमवारच्या ओळीत दोन घरे एकत्र करून 'बंद' असे लिहिले आहे. तो वाचला जातो का? लेखांत आणि पुस्तकांच्या यादीत मधूनच इंग्रजी नावे रोमन लिपीत येतात, त्यांचे काय करावे? कार्यक्रमांच्या छायाचित्रांना वर्णन द्यायचे असते असे ऐकले आहे, ते किती मोठे असावे? आणि विजेटबद्दल कार्यकारिणीपुढे ठेवता येईल असे काही ठोस असल्यास सांगावे.


उत्तर: जालविणकर

संकेतस्थळे बांधणे हा माझा व्यवसाय आहे, तेव्हा सांगाड्याच्या बाजूने लिहितो. त्यातील पहिली गोष्ट तुम्हालाही करता येण्यासारखी आहे.

प्रत्येक पानाच्या मुळाशी, पान ज्या संगणकीय भाषेत लिहिलेले असते त्या एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे खुणेत, पानाची भाषा सांगणारा 'लँग' नावाचा गुणधर्म असतो. वर्डप्रेस इंग्रजीत बसवले असेल तर तिथे अमेरिकी इंग्रजी असे लिहिलेले असते, मग पानावर अथपासून इतिपर्यंत मराठी का असेना. स्क्रीन रीडर ही खूण पाहून आवाज निवडतो. केवळ इंग्रजी जाणणारा आवाज देवनागरी अक्षरांवरून पुष्कळदा काही न बोलताच पुढे जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पान रिकामे आहे. हिंदी अशी खूण असेल तर वाचन होते, पण 'विज्ञान'चे 'विग्यान' होते आणि 'चमचा'तला च 'चार'मधल्यासारखा ऐकू येतो. मराठी आवाज प्रत्येक च बरोबर म्हणेलच असे नाही. निदान ज्ञ तरी आपला राहतो. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'सामान्य' या पानावर साइटची भाषा निवडता येते. तिथे मराठी निवडले की टॅगमध्ये मराठीची 'एमआर' ही खूण येते. याचा एक जोडलाभ डोळस वाचकालाही मिळतो: ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणे आपोआप दिसू लागतात.

डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा सांगण्याची अट ३.१.१ या क्रमांकाची आहे आणि ती 'ए' या किमान पातळीवरच घातलेली आहे. या तत्त्वांची २.० आवृत्ती २००८ साली आली, सध्याची २.२ ही ५ ऑक्टोबर २०२३ रोजी. दुव्याचा हेतू कळावा ही अट २.४.४, मजकुराचे चित्र टाळावे ही १.४.५. पुढल्या वेळी कोणाशी करार कराल तेव्हा त्यात '२.२, एए पातळी' (किमान 'ए'च्या वरची पातळी) असे स्पष्ट लिहून घ्यावे.

तक्त्यामध्ये वरची ओळ आणि डावा रकाना यांना 'शीर्षक घर' अशी खूण दिलेली असली की वाचक घरातून घरात फिरताना आवाज 'सायंकाळ, ५ ते ८' असे जोडून सांगतो. एकत्र केलेली घरे मोडावीत आणि दोन्ही घरांत 'बंद' लिहावे. रिकामे घर किंवा नुसती रेघ ठेवू नये. ऐकणाऱ्याला ते घर राहून गेले की वाचनालय बंद आहे, हे कळत नाही. नुसती मांडणी साधण्यासाठी, म्हणजे डावीकडे चित्र आणि उजवीकडे मजकूर हवा म्हणून, तक्ता वापरू नये. तुमच्या मुखपृष्ठावर 'ताज्या सूचना' सरकत असतील तर त्या थांबवण्याची सोय हवी; माझ्या मते सरकती पट्टी काढूनच टाकावी.

इंग्रजी शब्दांपुरती पानात वेगळी भाषा सांगता येते आणि माझ्या मते रोमन लिपीतील प्रत्येक शब्दाला तशी खूण द्यावी.

विजेटविषयी ठोस म्हणाल तर हे पाहा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशा विजेटची विक्री करणाऱ्या एका कंपनीवर कारवाई जाहीर केली. आपले साधन बसवले की कोणतेही संकेतस्थळ डब्ल्यूसीएजीनुसार होते, हा कंपनीचा दावा दिशाभूल करणारा असल्याचा आरोप होता आणि कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. कायद्याची बाजू विचारली गेली तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम स्वरूपात असावा यासाठी शासनाने उपाय करावेत असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल ऑनलाइन केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेच्या, संदर्भात होता, वाचनालयांच्या नव्हे. तरी वारा कोणीकडे वाहतो आहे ते कार्यकारिणीला त्यावरून कळेल.


उत्तर: ध्वनिवाचक

जालविणकर यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, इंग्रजी शब्दांच्या मुद्द्याशी नाही. प्रत्येक रोमन शब्दाला वेगळ्या भाषेची खूण दिली की एका वाक्यात तीनचारदा आवाज बदलतो. मराठी आवाज मंद आणि जाड, इंग्रजी पातळ आणि जलद, अशी जोडी असेल तर वाक्याचा अर्थ लावण्यापेक्षा आवाजाच्या उड्या सोसण्यातच लक्ष जाते. डब्ल्यूसीएजीची ३.१.२ ही अट उताऱ्यांना आणि वाक्यांशांना भाषा सांगायला लावते. विशेषनामे, पारिभाषिक शब्द आणि आसपासच्या भाषेत रुळून गेलेले शब्द तिनेच वगळले आहेत. लेखात इंग्रजी कवितेच्या चार ओळी किंवा पूर्ण अवतरण असेल तर खूण जरूर द्यावी. 'वायफाय', 'डिजिटल', 'मेंबरशिप' असले शब्द मात्र देवनागरीत लिहावेत, म्हणजे प्रश्नच उरत नाही. पुस्तकांच्या यादीत इंग्रजी पुस्तकांचा वेगळा विभाग करून त्या संपूर्ण विभागाला एकदाच खूण दिली तर ऐकणाऱ्याला आणि टंकणाऱ्याला, दोघांनाही सोपे जाईल.

छायाचित्रांचे वर्णन वर्डप्रेसमध्ये 'आल्ट' किंवा 'पर्यायी मजकूर' या चौकटीत लिहायचे असते. त्यात 'फोटो' किंवा 'छायाचित्र' हा शब्द नको, कारण हे चित्र आहे असे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. छायाचित्र पानावर का आहे, तेवढे सांगावे. 'व्याख्यानमालेचे उद्घाटन: व्यासपीठावर बोलणाऱ्या पाहुण्या, समोर सतरंजीवर बसलेले श्रोते' एवढे पुरते. पडद्याचा रंग, हारांची फुले, मागच्या फलकावरची प्रत्येक ओळ असे सारे लिहिणारे उत्साही लोक असतात. एका कार्यक्रमाची वीस छायाचित्रे त्या तपशिलाने ऐकायची म्हणजे शिक्षाच. फुलांची वेलबुट्टी, विभाजक पट्टी अशा निव्वळ शोभेच्या चित्रांची चौकट रिकामी ठेवावी, म्हणजे ती ओलांडली जातात. याला एक अपवाद आहे: चित्र हाच दुवा असेल तर चौकट कधीही रिकामी ठेवू नये. तशा वेळी आवाज फाइलचे नाव किंवा पत्त्याचा तुकडा वाचतो, आणि व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या चित्राचे नाव म्हणजे तारीख आणि आकड्यांची लांबलचक माळ असते.


उत्तर: ब्रेलशिक्षिका

येथे सगळा विचार ऐकण्याच्या अंगाने झाला आहे, म्हणून थोडी भर घालते. स्क्रीन रीडरचा मजकूर आवाजातच जातो असे नाही. ब्रेल डिस्प्ले जोडलेला असेल तर तोच मजकूर टिंबांच्या रूपात बोटांखाली उमटतो. माझ्या ज्या विद्यार्थिनींना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी तर तेवढी एकच वाट आहे. मराठी युनिकोडात असेल तर एनव्हीडीए ते भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, उतरवते. जुन्या टंकातल्या मजकुराचे तिथेही रोमन भेंडोळे होते.

ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ फारसे कळत नाही, बोटांना मात्र लगेच कळते. मुली शुद्धलेखन पुष्कळदा अशा वाचनातून शिकतात. त्यामुळे मुद्रितशोधक यांनी तपासणीवर दिलेला भर वाचनालयाने गंभीरपणे घ्यावा, विशेषतः बालविभागाच्या पानांवर. ताणलेली शीर्षके, अपूर्णविरामाच्या जागचे विसर्ग, ओळभर फुल्या हे सारे ब्रेलमध्ये जागा खाते, आणि एका वेळी बोटांखाली एखाद्या ओळीचा तुकडाच मावत असल्याने ते आवाजापेक्षा अधिक अडते. कवितेची प्रत्येक ओळ वेगळी ठेवावी, पण मोकळ्या जागा टंकून ती आत सरकवू नये.


वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारिणीपुढे विजेट नको असे मांडेन आणि त्या रकमेतून जुन्या अंकांच्या मुद्रिततपासणीसाठी मानधन मागेन. साइटची भाषा बदलली आहे, वेळांच्या तक्त्यातील एकत्र घरे मोडली आहेत आणि यापुढे चित्ररूप सूचना मजकुराशिवाय चढवायची नाही असे लेखनिकांना सांगितले आहे. अनुक्रमणिका टंकण्याचे काम दोन सभासदांनी अंगावर घेतले आहे.

एकच विचारायचे राहिले. आम्ही सगळे डोळस आहोत. केलेले काम त्या सभासदांना दर वेळी तपासायला लावणे प्रशस्त वाटत नाही. आम्हाला स्वतःला ते कसे तपासता येईल?


उत्तर: ध्वनिवाचक

एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले आणि त्याचा स्रोत खुला आहे. ते विंडोजवर उतरवून घ्या. मराठी वाचणारा ई-स्पीक हा आवाज त्यातच येतो. त्याचे बोलणे यांत्रिक वाटेल आणि सुरुवातीला निम्मे कळणार नाही, म्हणून साधनांच्या यादीतील स्पीच व्ह्यूअर उघडा. त्या चौकटीत आवाज जे बोलतो ते अक्षरांत उमटत जाते. मग मॉनिटर बंद न करता फक्त माऊस बाजूला ठेवा आणि मुखपृष्ठावरून निघून बालविभागाच्या सायंकाळच्या वेळेपर्यंत केवळ 'एच', 'टी' आणि बाणाच्या कळांनी पोचून पाहा. तक्त्यातील घरांतून फिरायला कंट्रोल, आल्ट आणि बाण एकत्र दाबतात. त्यानंतर इन्सर्ट आणि एफ-७ दाबून दुव्यांची यादी उघडा. त्यातील एखादा दुवा नुसता वाचून तो कोठे नेईल हे सांगता आले नाही, तर त्याचे शब्द बदला.

फोनवर अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतोच, पण तो सुरू करण्यापूर्वी बंद कसा करायचा ते आधी वाचून ठेवा. त्यात बोटांच्या खुणा बदलतात आणि नवखा माणूस अडकून बसतो.

त्या सभासदांना विचारूच नये असे मात्र मला वाटत नाही. प्रत्येक पानासाठी नको, पण अनुक्रमणिका चढल्या की त्यांना एकदा अवश्य कळवा आणि त्यांना कोणता लेख आधी हवा ते विचारा.